इतकं मळकं विमान आम्ही कधी बाहेर सोडलं नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे गाळलेत.

आजचा विषय माझ्या टेबलावरचा आहे. लढाऊ विमानांची प्लास्टिक मॉडेल्स. डब्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, जोडायचे, रंगवायचे. गेली पाच-सहा वर्षं मी हे करतोय. आणि गेल्या वर्षी याच नादात मी माझ्या मामाला दुखावलं. आज ती गोष्ट सांगतो. सांगता सांगता हे काम कसं चालतं तेही कळेल.

आधी थोडं गणित. घाबरू नका, भागाकारच आहे. मी बनवतो ती मॉडेल्स बहुतेक एकास बहात्तर या प्रमाणातली. म्हणजे खऱ्या विमानाचं प्रत्येक माप भागिले ७२. हा ७२ आकडा कुठून आला? फूट-इंचाच्या हिशेबातून. खरे सहा फूट म्हणजे मॉडेलवर एक इंच. सहा फूट म्हणजे ७२ इंच, झालं. आता मिग-२१ घ्या. त्याच्या पंखांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर. भागिले ७२ केलं की साधारण ९.९ सेंटीमीटर. तुमच्या हातातला फोन उभा धरला तर तो याहून लांब भरेल. एवढ्याशा जागेत अख्खं लढाऊ विमान बसवायचं असतं.

आता मिग-२१ च का? कारण मी नाशिकचा. आमच्याकडे ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना सुरू झाला, तोच मुळी मिग बनवायला. अजूनही आमच्या भागात लोक म्हणतात, "तो मिगमध्ये आहे." म्हणजे त्या कारखान्यात नोकरीला आहे. सहाशेच्या वर मिग-२१ तिथून बाहेर पडली. पुढे त्यातल्या 'बिस' प्रकारच्या सव्वाशेच्या आसपास विमानांना नवं रडार आणि नवी यंत्रणा बसवून 'बायसन' केलं, तेही तिथेच. आणि माझे मामा तिथे होते. रंगकामात. म्हणजे मी दहा सेंटीमीटरच्या पंखावर जे करतो ते मामांनी आयुष्यभर सात मीटरच्या पंखावर केलं.

गेल्या वर्षी बातमी आली की २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ चा निरोप समारंभ आहे. वायुसेनेत हे विमान पहिल्यांदा आलं १९६३ मध्ये, तेही चंडीगडलाच. बासष्ट वर्षं! मी ठरवलं, त्या दिवशी मामांना मिग-२१ चं मॉडेल द्यायचं. राखाडी रंगातलं बायसन. त्यांच्या हाताखालून गेलेलं.

जुलैमध्ये काम सुरू केलं. ज्यांनी कधी किट उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डब्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात, त्यांना स्प्रू म्हणतात. कैरीच्या देठासारखे बारीक देठ असतात आणि त्यांना सगळे भाग लटकलेले असतात. पहिल्यांदा त्या चौकटी भांड्यांच्या साबणाने धुवायच्या, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश राहिलेला असू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग भाग कटरने कापायचे. अगदी भागाला लागून कापायचं नाही, जरा लांबून कापायचं आणि उरलेलं पॉलिश पेपरने घासायचं. चिकटवण्याआधी भाग नुसते एकमेकांना लावून बघायचे. ही पायरी सगळे टाळतात आणि सगळे पस्तावतात.

चिकटवायचं द्रव्य हे खरं तर गोंद नाहीच. ते प्लास्टिकचा वरचा थर वितळवतं, दोन्ही बाजू एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेला की एकजीव होतात. वेल्डिंगच म्हणा ना. त्यामुळे खिडकी उघडी ठेवा, वास नाकात घेत बसू नका. आणि एक, नाकात वजन भरा. तीन चाकांची विमानं प्लास्टिकमध्ये बरेचदा शेपटीवर बसतात. मासे पकडायच्या गळाला लावतात ते शिशाचे मणी मिळतात, तेवढे पुढच्या भागात चिकटवून मगच दोन्ही अर्धुकं बंद करायची. एकदा बंद झालं की मग काही उपाय नाही. शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, हेही सांगतो.

कॉकपिटला मी निळसर हिरवा रंग दिला. रशियन विमानांच्या कॉकपिटचा तो ठरलेला रंग, मोरपिशीच्या जवळचा. जोडाच्या फटी भरल्या, गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात तसलीच लांबी भरून. घासलं, प्रायमर मारला, राखाडी रंग मारला. इथपर्यंत सगळं छान होतं.

मग मी व्हिडिओ बघायला बसलो.

तुम्हीही बघितले असतील. मॉडेलवाल्यांच्या जगात एक शब्द आहे, वेदरिंग. म्हणजे मॉडेल नवंकोरं खेळणं वाटू नये, वापरलेलं वाटावं म्हणून त्यावर धूळ, तेल, काजळी, ऊन दाखवायचं. त्यातली एक पद्धत म्हणजे वॉश. तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करायचा, पत्र्यांच्या जोडांच्या ज्या खाचा मॉडेलवर असतात त्यात सोडायचा, आणि वरचा रंग कापसाच्या काडीने पुसून घ्यायचा. खाचेत गडद रेघ राहते. लगेच सगळं उठून दिसतं. इतकं बरं वाटतं की हात थांबतच नाही.

माझाही थांबला नाही. काळा वॉश. प्रत्येक खाचेत. मग पंखांवर डाग, पोटावर तेलाचे ओघळ, शेपटीवर काजळी, सगळीकडे टवके. फोटो काढला, ग्रुपवर टाकला. "कडक!" "भाऊ, एक नंबर!" पन्नास-साठ अंगठे. मी खूश.

गणपतीत ओझरला मामांकडे गेलो. खरं तर सप्टेंबरपर्यंत दाखवायचं नव्हतं, पण राहवेना. आरती झाली, मामींनी मोदक वाढले, आणि मी डबा उघडून मॉडेल त्यांच्या हातात दिलं.

मामांनी चष्मा लावला. सगळ्यात आधी विमान उलटं केलं. आपण वरून बघतो, ते पोटाकडून बघत होते. मग पंखावरून अंगठा फिरवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं भरून आलंय.

मग म्हणाले, "हे कुठे पडून होतं का रे?"

मी हसलो. म्हटलं, "नाही मामा, याला वेदरिंग म्हणतात. वापरलेलं दिसावं म्हणून मुद्दाम करतात."

"वापरलेलं?" त्यांनी मॉडेल टेबलावर ठेवलं. हळूच ठेवलं, पण परत उचललं नाही. "इतकं मळकं विमान आम्ही कधी बाहेर सोडलं नाही."

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण मी वाद घातला. म्हटलं, जगभर असंच करतात, स्पर्धांमध्ये अशालाच बक्षिसं मिळतात. मामा म्हणाले, "जग काय करतं ते मला माहीत नाही. वीस-पंचवीस वर्षं पेपरात वाचतोय, उडती शवपेटी, उडती शवपेटी. प्रत्येक वेळी बातमी आली की आमच्या कॉलनीत त्या दिवशी कुणी मोठ्याने बोलायचं नाही. ती पोरं गेली ते खरंच आहे, त्यावर मी काय बोलणार? पण आम्ही हयगय केली नाही रे. आणि तू घरच्या घरी ते भंगारासारखं करून आणलंस."

मामी म्हणाल्या, "अहो, पोराने हौसेने आणलंय." मामा म्हणाले, "म्हणूनच सांगतोय." आणि उठून बाहेर गेले.

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. आधी रागच होता. म्हटलं, यांना कला काय कळते. मग मी पट्टी घेऊन बसलो. मॉडेलवरची खाच मोजली. अंदाजे ०.२ मिलिमीटर. केसाहून थोडी जाड, किती नाजूक, असं आपल्याला वाटतं. आता गुणिले ७२. उत्तर आलं १४.४ मिलिमीटर. जवळजवळ दीड सेंटीमीटर! म्हणजे खऱ्या विमानाच्या पंखाच्या पत्र्यात करंगळी जाईल एवढी फट. आणि मी ती काळ्या रंगाने भरून सगळ्यांना ओरडून सांगत होतो, बघा, बघा, फट बघा.

खाच तेवढी रुंद असते कारण साच्यातून त्याहून बारीक काढणं अवघड असतं. ती सवलत आहे. ती सवलत आहे हे विसरून मी तिला खरं समजलो. मामांच्या डोळ्यांनी बघा ना. ज्या माणसाने जुना रंग उतरवून, पत्रा साफ करून, प्रायमर आणि रंग एकसारखा बसेल याची काळजी घेत वर्षं काढली, त्याच्या हातात मी फटींनी भरलेलं, तेल गळणारं विमान ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट लक्षात आली ती फोनची. आपण मॉडेल बनवतो डोळ्यांसाठी, पण दाखवतो फोनवर. छोट्या पडद्यावर गडद रेघा, मोठे डाग भारी दिसतात. स्वच्छ मॉडेल फोटोत सपाट वाटतं, मग अंगठे कमी येतात, मग आपण अजून घाण करतो. मी पडद्यासाठी मॉडेल बनवलं होतं आणि ते दिलं होतं हातात घेणाऱ्या माणसाला.

चार दिवसांनी परत ओझरला गेलो. वही घेऊन. म्हटलं, "मामा, मग खरं कुठे मळतं ते सांगा."

ते आधी म्हणाले, "जाऊ दे रे, मीच जास्त बोललो." पण पाच मिनिटांनी सुरू झाले, आणि दोन तास थांबले नाहीत. त्यातलं थोडं तुम्हाला सांगतो, कारण हे कुठल्याही विमानाला लागू पडतं.

पहिलं, मळण्याला कारण असतं. मिग-२१ बिसची काच उजवीकडे उघडते. मग शिडी कुठे लागणार? डावीकडे. पायलट चढतो डावीकडून, उतरतो डावीकडून. म्हणजे घासलेलं, पावलांचं जे काही असेल ते डाव्या अंगाला जास्त दिसलं पाहिजे. मी दोन्हीकडे सारखं केलं होतं. मामा म्हणाले, "उजवीकडून कोण चढलं? भूत?"

दुसरं, तोफ. त्या विमानाच्या पोटाखाली २३ मिलिमीटरची दुनळी तोफ असते. काजळी धरलीच तर तिच्या तोंडापासून मागे, वाऱ्याच्या दिशेने. शेपटीला जिथून इंजिनाची आग बाहेर पडते तिथला धातू तापून वेगळ्या रंगाचा दिसतो, पितळी, निळसर, तपकिरी. तो मळ नव्हे, धातूचाच रंग बदललेला असतो.

तिसरं, ओघळ. उभ्या विमानातून काही गळलं तर ते खाली ओघळतं. उडताना गळलं तर मागे ओढलं जातं. मी काढलेले ओघळ तिरके होते. मामांनी विचारलं, "हे विमान उभं होतं की उडत होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि चौथं, मला सगळ्यात आवडलेलं. जुनं विमान घाणीपेक्षा ठिगळांनी ओळखू येतं. उन्हात रंग फिका पडतो. मध्येच एखादं झाकण उघडून काम करतात, तिथे रंग परत मारतात. नवा राखाडी आणि उन्हात फिकटलेला राखाडी कधीच जुळत नाही. म्हणजे त्या गडद चौकोनाचा अर्थ 'इथे दुर्लक्ष झालं' असा नसतो. 'इथे कुणीतरी काम करून गेलं' असा असतो.

हे ऐकलं आणि मी मनात ठरवलं, सगळं काढायचं.

ॲक्रिलिक रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, प्लास्टिकला धक्का लागत नाही. हातमोजे, उघडी खिडकी, जवळपास गॅस नाही की उदबत्ती नाही. जुन्या टूथब्रशने घासत बसलो. एका संध्याकाळी दोन महिन्यांचं काम बेसिनमधून वाहून गेलं. साठ अंगठ्यांसकट. खोटं नाही सांगत, पोटात कालवलं.

पुढे सोपं झालं असंही नाही. सप्टेंबरचा पाऊस, हवेत दमट. एअरब्रशच्या कॉम्प्रेसरमध्ये हवा दाबली जाते तेव्हा तिच्यातली वाफ पाणी होऊन नळीत साठते. पाणी अडवायची बाटली मी लावली होती, पण ती रिकामी करायला विसरलो. ऐन प्रायमर मारताना थेंब उडाला आणि पंखावर खड्डे. परत घासणं, परत थांबणं.

२६ सप्टेंबर उजाडला तेव्हा मॉडेल नुसतं प्रायमरमध्ये होतं. भेट द्यायचा दिवस हुकला. तसंच घेऊन मी ओझरला गेलो. आम्ही दोघांनी समारंभ बघितला. विमानं उतरली, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली. मामा काहीच बोलले नाहीत. मग माझ्या हातातलं मॉडेल घेतलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाले, "डाव्या पंखाच्या मुळाशी जोड दिसतोय. बाराशेचा वॉटर पेपर आहे का?" होता. मामांनी वाटीत पाणी घेतलं आणि टीव्हीवर भाषणं चालू असताना ते सात मिलिमीटरचा जोड घासत बसले.

दिवाळीत मॉडेल पूर्ण झालं. राखाडी रंग दोन-तीन छटांत, ठिगळांसाठी. रंगात थेंबभर पांढरा, कारण छोट्या वस्तूवर खरा रंग गडद वाटतो. त्यावर चकचकीत वार्निश. ही पायरी चुकवू नका, खरखरीत रंगावर डेकल लावलं तर खाली हवा अडकते आणि ते चंदेरी चमकतं. वॉश काळा नाही, मूळ रंगाहून जेमतेम गडद राखाडी, तोही जी झाकणं खरंच उघडतात तेवढ्यांवर. शेवटी मॅट वार्निश. डाव्या अंगाला, शिडी लागते तिथे, पेन्सिलीने दोन-चार घासलेल्या खुणा. त्या मामांनी केल्या. त्यांचा हात आता थोडा कापतो, त्यामुळे एक खूण जरा मोठी झाली. ती तशीच ठेवलीय.

आता ते मॉडेल मामांच्या शोकेसमध्ये आहे. फोटो ग्रुपवर टाकला तर अकरा अंगठे आले. एकाने विचारलं, "भाऊ, वेदरिंग राहिलं का?"

वेदरिंग करूच नका असं मी म्हणत नाही. अनेक विमानं खरंच भयंकर मळलेली असायची. समुद्रावर, वाळवंटात, युद्धात, जिथे धुवायला ना वेळ ना पाणी. तसं असेल तर तसं करा. फक्त प्रत्येक डागाला एक प्रश्न विचारा, हा कुणामुळे पडला आणि तो पुसणारा माणूस तेव्हा कुठे होता?

ज्यांना सुरू करायचंय त्यांच्यासाठी तीन गोष्टी. एक, पहिलं किट एकास बहात्तरचं, कमी भागांचं घ्या, ब्रशने रंगवा, कॉम्प्रेसरच्या मागे लागू नका. दोन, रंगवण्याआधी त्या विमानाचे खरे फोटो शोधा, आणि दुसऱ्याच्या मॉडेलचे फोटो बघून नक्कल करू नका, नाहीतर चुकीचीही नक्कल होते. तीन, फोनचा खरा उपयोग करा. मॉडेलचा फोटो काढून तो काळा-पांढरा करा. रंग गेले की तुमच्या रेघा किती गडद आहेत ते चटकन दिसतं. विमानाच्या आधी रेघाच दिसल्या, तर समजा जास्त झालं.

आणि घरात, शेजारी, ओळखीत कुणी अशा वस्तूवर काम केलेलं असेल, मग विमान असो, रेल्वे इंजिन असो की एसटी, तर वॉश मारण्याआधी त्यांना दाखवा. मी नंतर दाखवलं, मला अल्कोहोलची अख्खी बाटली लागली.

चला, थांबतो. तुमच्या टेबलावर काय चाललंय ते कळवा, अर्धवट असलं तरी चालेल. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि खिडकी उघडी ठेवा.